झाकलेले, तरीही उघडता येणारे

भविष्यातले घर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. सांधा न दिसणाऱ्या पांढऱ्या भिंती, गोलाई घेत छताला जाऊन मिळणारे कोपरे, कुठून येतो हे न कळणारा प्रकाश आणि नजरेस न पडणाऱ्या वायरी. गृहसजावटीच्या माझ्या व्यवसायातले अनेक जण या चित्राकडे पोरकट हौस म्हणून पाहतात. मला ते तसे वाटत नाही. उद्याचा दिवस आजच्यापेक्षा हलका, स्वच्छ आणि कमी कष्टाचा असावा, ही त्या चित्रामागची इच्छा आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. म्हणूनच भावाने बेळगावच्या हिंदवाडीत फ्लॅट घेतला आणि दहावीतल्या भाच्याने "आत्या, आपलं घर विमानाच्या आतल्यासारखं कर" असा हट्ट धरला, तेव्हा मी तो हट्ट मनावर घेतला. त्या घरात सत्तरी ओलांडलेली आई राहणार आहे, दिवसभर शाळेत शिकवून दमून येणारी वहिनी राहणार आहे आणि वर्षातले चार महिने बेळगावचा पाऊसही राहायला येणार आहे. या सगळ्यांना धरून भविष्य मांडायचे, तर ते नेमके कशात असते, हे आधी ठरवावे लागते.

भविष्याची घरे याआधीही बांधून झालेली आहेत. १९५६ साली लंडनच्या आयडियल होम प्रदर्शनात ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या वास्तुविशारद दांपत्याने पंचवीस वर्षांनंतरचे, म्हणजे १९८१ सालचे घर उभे केले होते. भिंती एकसंध प्लास्टिकच्या ओतीव वाटाव्यात अशा होत्या; प्रत्यक्षात त्या प्लायवुडच्या सांगाड्यावर घडवलेल्या होत्या. कोपरे गोल होते, जेवणाचे टेबल जमिनीतून वर येत असे आणि बाहेरच्या बाजूला खिडक्या नव्हत्या, कारण घराच्या मधोमध आकाशाला उघडा असा एक लहानसा चौक ठेवला होता. त्या घरातली यंत्रे आज पाहताना जुनाट वाटतात. मधला चौक मात्र आजही कोणत्याही नकाशात ठेवावा असा आहे. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत चौक पाहिलेला माणूस इथे लगेच सुखावेल आणि पूर्वजांना सारे ठाऊकच होते असे म्हणून मोकळा होईल. मला त्यातून निघणारी दुसरी गोष्ट अधिक कामाची वाटते. घरातले काय लवकर म्हातारे होते आणि काय होत नाही, याचा हिशेब मांडूनच भविष्याचे घर आखावे लागते.

हा हिशेब चुकला की काय होते, ते टोकियोत दिसले. वास्तुविशारद किशो कुरोकावा यांनी तिथे १९७२ साली नाकागिन कॅप्सूल टॉवर उभारला. काँक्रीटचे दोन मनोरे आणि त्यांना बोल्टांनी अडकवलेल्या १४० लहान खोल्या. प्रत्येक खोली साधारण दहा चौरस मीटरची, आत पलंग, न्हाणी, टीव्ही सगळे बसवलेले. दर पंचवीस वर्षांनी जुनी खोली काढून नवी लावायची, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात एकही खोली कधी बदलली गेली नाही. एक खोली काढायची तर तिच्या वरच्या खोल्या आधी काढाव्या लागत, दोन खोल्यांमधल्या चिंचोळ्या फटीतले पाइप दुरुस्त करायला हात पोहोचत नसे आणि प्रत्येक खोलीचा मालक वेगळा. गळती वाढत गेली आणि २०२२ मध्ये ती इमारत उतरवण्यात आली. बदलासाठीच जन्माला आलेली वास्तू बदलता न आल्यामुळे गेली, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. तिचे रूप आजही भविष्यातलेच वाटते, कमी पडली ती आतली जोडणी.

भाच्याने विमानाचे नाव काढले, त्यामुळे या विचाराला नेमकी दिशा मिळाली. सांबऱ्याच्या विमानतळावरून बंगळुरूला जाणाऱ्या विमानात बसल्यावर त्याला जे आवडले, ते आतले गुळगुळीत, पांढरे, एकसंध आवरण. पण विमानाच्या आतली ती भिंत खरी भिंत नसते. ते सुटे पॅनेल असतात, ठरावीक क्लिपांवर आणि खाचांवर बसवलेले, आणि त्यांच्यामागे वायरी, हवेच्या नळ्या आणि उष्णता रोखणारे थर असतात. तपासणीची वेळ आली की कारागीर ते पॅनेल उतरवतो, मागचे काम करतो आणि पुन्हा बसवतो. प्रवाशाला ते सारे झाकलेले दिसते आणि कारागिराला ते सारे उघडता येते. आमच्याच जिल्ह्यात हत्तरगीच्या एरोस्पेस पार्कात विमानांचे सुटे भाग तयार होतात, तेव्हा ही शिस्त आमच्या हवेला परकी आहे असेही नाही. घराला विमानाचे रूप द्यायचे असेल तर विमानाची ही सवयही घ्यावी लागेल, असे मी भाच्याला सांगितले. त्याला ते इतके पटले की त्याने प्रत्येक पॅनेलला क्रमांक देण्याचे काम स्वतःकडे घेतले.

आपल्याकडच्या सजावटीत नेमके उलटे घडते. फॉल्स सीलिंगचे जिप्सम बोर्ड एकदा मारले, पुटी भरली, रंग दिला की वरची पोकळी कायमची बंद होते. त्या पोकळीत एलईडी पट्ट्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना लागेल तशी वीज पुरवणारे छोटे डबे, ठेवलेले असतात. एलईडीचा दिवा स्वतः वर्षानुवर्षे टिकतो, आधी जळतो तो बहुधा हा ड्रायव्हर. मग पन्नास हजारांच्या छताला कापून भोक पाडावे लागते आणि त्या भोकाचा डाग पुढे कोणत्याही रंगाने लपत नाही. म्हणून भावाच्या घरात मी ड्रायव्हर छतात ठेवलेलेच नाहीत. प्रत्येक खोलीतल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, चुंबकाने बसणाऱ्या फळीमागे, ते एका ओळीत लावायचे असे ठरवले आहे. स्टुलावर चढून कुणालाही ते बदलता येतील. पट्टीपासून ड्रायव्हर थोडा लांब गेला की वायर जाड घ्यावी लागते आणि चोवीस व्होल्टच्या पट्ट्या वापराव्या लागतात, कारण बारा व्होल्टच्या पट्टीचा उजेड लांबवर मंदावत जातो. एवढा खर्च मला मान्य आहे.

स्विचबोर्डाविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण भविष्याची सर्वांत मोठी अडवणूक तिथेच होते. बटनामागे बसणारी किंवा बटनाच्या जागी येणारी स्मार्ट उपकरणे स्वतः सतत जागी असतात, त्यामुळे बहुतेकांना फेजबरोबर (वीज आणणारी तार) न्यूट्रलही (वीज परत नेणारी तार) लागतो. आपल्याकडे ज्या बोर्डावर प्लग असतो, तिथे न्यूट्रल आलेला असतो. नुसत्या दिव्या-पंख्यांच्या बटनांच्या बोर्डात मात्र फक्त फेज आणतात आणि न्यूट्रल परस्पर दिव्याकडे नेतात. वायरमनच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही, तार वाचते. पण उद्या तिथे काही नवे बसवायचे झाले की भिंतीला पुन्हा झिरी मारावी लागते. म्हणून भिंती उघड्या असतानाच प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणि अर्थिंग आणायला सांगितले, बोर्डांचे डबे खोल घेतले आणि पाइप एक माप मोठे टाकले. प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप नेला आहे, ज्यात आज काहीच नाही, फक्त ओढायची तार आहे. त्यातून उद्या काय जाईल हे आज कुणी सांगू शकत नाही आणि म्हणूनच तो पाइप रिकामा ठेवायचा. वायरमन मामांनी सुरुवातीला विचारले, "मॅडम, रिकाम्या पाइपचे पैसे कशाला घालवताय?" नंतर त्यांनीच पार्किंगमधल्या मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंतही एक पाइप टाकून ठेवू या असे सुचवले, म्हणजे पुढेमागे विजेवरची गाडी आली तर खोदकाम नको. हे माझ्या यादीत नव्हते. त्यांच्या अनुभवातून आले.

प्लास्टर होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढले आहेत. जमिनीपासून किती इंचावर कोणता पाइप गेला आहे, ते त्या फोटोंत दिसते. माझ्या मते कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा हे फोटो घराच्या उद्यासाठी अधिक मोलाचे आहेत.

उपकरणांच्या बाबतीत मी एक नियम पक्का ठेवला. इंटरनेट बंद पडले, कंपनीने सेवा बंद केली किंवा मोबाइल हरवला, तरी घरातला प्रत्येक दिवा, पंखा आणि दरवाजा हाताने चालला पाहिजे. एका परिचित कुटुंबाच्या घरात पडदे, दिवे, सारे एका ॲपवर होते. काही वर्षांनी ते ॲप नव्या फोनवर चालेनासे झाले आणि पडदे अर्ध्यावर अडकून राहिले. २०२२ साली आलेल्या मॅटर या मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे घरातल्या घरात, बाहेरच्या इंटरनेटवर न विसंबता एकमेकांशी जोडता येऊ लागली आहेत, म्हणून खरेदी करताना ते पाहिले. तरीही आईच्या खोलीत साधी, मोठी, कट्टकन आवाज करणारी बटनेच असतील. अंधारात चाचपडताना बोटाला बटन लागावे आणि आवाजावरून ते दाबले गेल्याचे कळावे, ही तिची गरज आहे. मिरगाच्या वादळात वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय काय चालावे, हेही आधीच वेगळ्या सर्किटवर काढले आहे. साधा पंखा सुमारे पंचाहत्तर वॅट घेतो, कमी विजेवर चालणारा बीएलडीसी मोटरचा पंखा तीस-पस्तीस. त्यामुळे त्याच बॅटरीवर आता सगळ्या खोल्यांतले पंखे रात्रभर फिरतील.

प्रकाशाचा विचार मला या कामात सर्वांत आनंदाचा वाटला. निळसर पांढरा उजेड चित्रात भविष्यातला दिसतो, पण रात्री तो डोळ्यांना आणि झोपेला त्रास देतो. शिवाय आपल्याकडे पहिल्या पावसानंतर पंखाचे किडे उजेडावर झेप घेतात आणि छताच्या खाचेत मरून पडतात. पिवळसर उजेडावर ते तुलनेने कमी येतात. म्हणून हॉलमध्ये दिवसा पांढरा आणि संध्याकाळनंतर पिवळसर होत जाणारा, २७०० केल्विनपर्यंत उतरणारा प्रकाश ठेवला आहे आणि छताची खाच हात घालून पुसता येईल इतकी रुंद केली आहे. वय वाढते तसा डोळ्यातल्या भिंगातून आत जाणारा उजेड कमी होत जातो, त्यामुळे वहिनीला पुरणारा दिवा आईला पुरत नाही. आईच्या वाचण्याच्या जागी वेगळा, जवळचा, रंग खरे दाखवणारा दिवा दिला आहे. तिच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत दोन-दोन वॅटचे दिवे आहेत, पाऊल पडताच आपोआप लागणारे. त्या वाटेवर उंबरठा नाही, दरवाजा तीन फुटी आहे आणि न्हाणीघरातली फरशी खरखरीत आहे. भिंतीवर आधाराची दांडी बसवायच्या जागी प्लास्टरमागे जाड प्लाय घातला आहे. आज तिथे दांडी नाही, आईला ती नको आहे. हवी झाली की दोन स्क्रूंचे काम.

आता पावसाविषयी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे आणि सह्याद्रीच्या अगदी पाठीशी आहे. उन्हाळ्यात संध्याकाळ झाली की पश्चिमेचे वारे सुटते आणि खिडक्या समोरासमोर असल्या तर एसीची आठवणही होत नाही. म्हणून मोठ्या शहरांतल्या घरांची चित्रे पाहून सगळे छत एसीसाठी खाली आणण्याची आपल्याला गरज नाही. भावाच्या घरात छत फक्त कडेने उतरवले आहे, मधली उंची पंख्यासाठी मोकळी आहे. आषाढात मात्र हवेत इतका ओलावा असतो की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, ड्रॉवर फुगून अडकतात आणि कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. आमच्या आजोळी न्हाणीघरातल्या चुलवणावर दांडी बांधलेली असे. पाणी तापता तापता कपडे वाळत आणि त्यांना धुराचा वास लागे. त्या दांडीची आठवण ठेवून स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेला काचेचे सरकते दार लावले, आत छतापासून खाली येणाऱ्या दांड्या, हवा बाहेर फेकणारा पंखा आणि हवेतले पाणी शोषून घेणारे यंत्र ठेवले. ते यंत्र पावसाळ्यात दिवसाला बादलीभर पाणी गोळा करते. ते पाणी परस्पर मोरीत जाईल अशी नळी आधीच बसवली आहे, नाहीतर ती बादली रिकामी करणे हे वहिनीचेच काम झाले असते.

याच कारणाने एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, या घरात कुठेच वापरलेला नाही. गोलाईची दारे त्यात सोपी आणि स्वस्त होतात, पण कड एकदा पाणी प्यायली की फुगते आणि परत बसत नाही. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरालगतच्या कामाला आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, बाकीच्या कपाटांना चांगल्या प्रतीचा साधा प्लाय. गोलाईसाठी वाकणारा प्लाय साच्यावर चिकटवून घेतला. साचे आणि बिजागऱ्यांच्या पट्ट्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेझर कटिंगच्या कारखान्यातून करून आणल्या. ओतकाम आणि यंत्रभाग हा या शहराचा जुना धंदा आहे. नकाशा दिला की अर्ध्या मिलिमीटरच्या अचूकतेने पट्टी हातात येते आणि दूरच्या कंपनीचे आयते हार्डवेअर मागवून महिनाभर वाट पाहण्याची गरज पडत नाही.

स्वयंपाकघरात सगळ्यांत जास्त चर्चा झाली. १९२६ साली वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी पावले आणि मिनिटे मोजून जे स्वयंपाकघर आखले, त्याची नातवंडे म्हणजे आजची मॉड्युलर किचन. पण ते साधारण सहा फूट रुंद स्वयंपाकघर एकटीने काम करणाऱ्या बाईसाठी होते. आमच्याकडे सणावाराला तिघी-चौघी एकदम उभ्या राहतात आणि भावाला मासे स्वतः करायला आवडतात. म्हणून दोन कट्ट्यांच्या मध्ये चार फूट मोकळे ठेवले. कट्ट्याची नेहमीची उंची चौतीस इंच. भाज्या चिरायला ती ठीक असते, पण त्या उंचीवर भाकरी थापून पाहावी. खांदा उचलला जातो, तळव्याचा जोर परातीत उतरत नाही आणि चार भाकऱ्यांत मान भरून येते. वहिनीला प्रत्यक्ष उभे करून, फळीखाली विटा ठेवत ठेवत, तीस इंचांवर हात नीट पडतो हे पाहिले आणि कट्ट्याचा तेवढा भाग खाली उतरवला. आईला खुर्चीवर बसून तिथेच भाजी निवडता येईल, हा लाभ नंतर लक्षात आला. शेगडीही दोन प्रकारची आहे. रोजचे दूध, भात, चहा इंडक्शनवर होतील, त्यासाठी सोळा अँपिअरची स्वतंत्र वायर आहे. भाकरी फुगायला मात्र ज्वाळाच लागते, म्हणून एक गॅसचा बर्नर कायम आहे आणि त्याच्यावरच्या चिमणीचा पाइप थेट बाहेर काढलेला आहे.

देवघराबाबत भाच्याने काढलेले चित्र पांढऱ्या ॲक्रिलिकच्या गोल कोनाड्याचे होते. रूप मी तेच ठेवले, द्रव्य बदलले. समईच्या ज्योतीवर दीडेक फुटात ॲक्रिलिक आले तर ते उष्णतेने मऊ पडू शकते आणि काजळी पुसताना त्यावर ओरखडे उठतात. कोनाडा आतून खानापूरच्या भाजलेल्या मातीच्या फरश्यांनी मढवला. खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली आहे, तिथे ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही आहे. त्या तांबूस रंगावर काजळी डाग म्हणून दिसत नाही. वरच्या बाजूला एक फट आहे, तिच्यातून धूर मागच्या पाइपाने बाहेर जातो. हॉलमधल्या गुळगुळीत पृष्ठभागांमुळे आवाज घुमू लागला, तेव्हा एका भिंतीवर वडगावच्या मागावरचे जाड सुती कापड चौकटींवर ताणून, मागे लोकर भरून लावले. त्या चौकटीही उतरवून धुता येतात.

शेवटचा निर्णय भाच्याच्या आणि आईच्या खोलीमधल्या भिंतीचा होता. तीन वर्षांत भाचा शिकायला पुण्याला किंवा बंगळुरूला जाईल. आईला पुढे रात्री सोबतीला कुणीतरी लागेल. म्हणजे या दोन खोल्यांचे नाते बदलणार, हे आजच ठाऊक आहे. ती भिंत चार इंची विटांची होती, इमारतीचा भार तिच्यावर नव्हता. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घेतल्यावरच आणि सोसायटीची परवानगी मिळाल्यावरच हात लावला. अलीकडच्या ज्या इमारतींत सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, तिथे हा विचारही करू नये. आता त्या जागी दोन्ही बाजूंनी उघडणारी, आत आवाज रोखणारा थर असलेली कपाटांची रांग येणार आहे. पाच सुटी कपाटे, वर छताला दाबून बसणारे स्क्रू, वीज वरून प्लगने येणारी. मधले कपाट काढले की दार होते, दोन काढली की दोन्ही खोल्यांची एक खोली होते.

यासाठी फरशी आधी सलग घालायची आणि कपाटे नंतर तिच्यावर उभी करायची, हे आमच्या सुतार मेस्त्रींना आधी रुचले नाही. नेहमीची रीत उलटी आहे, कपाटाखाली फरशी घालणे म्हणजे पैसे पुरणे, असे ते म्हणाले. मी त्यांना भाच्याने क्रमांक घातलेला नकाशा दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनीच विचारले की छताला दाबणारे स्क्रू लाकडात न घेता लोखंडी पट्टीत घेतले तर वारंवार सैल-घट्ट करताना आटे मरणार नाहीत, ते चालेल का. चालेल. पट्ट्या उद्यमबागेत सांगितल्या आहेत. या रांगेचे लाकूडकाम दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की सुरू होईल.